खुराकाची वही
(कुस्ती आणि युद्धकलांच्या प्रशिक्षकांच्या देवळाली कॅम्प येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



मी आखाड्यात उतरलेली बाई नाही. नाशिक जिल्ह्यातल्या खेळाडूंच्या ताटात काय पडतं हे पाहण्यात आणि त्यांच्या रक्ततपासणीचे कागद वाचण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे डावपेचांवर मी बोलणार नाही. पोटात काय जातं, एवढ्यापुरतंच बोलेन.

परिषद देवळाली कॅम्पला भरली, याचा मला विशेष आनंद आहे. मुंबईची माणसं एकेकाळी इथं हवापालटाला यायची; इथली जुनी आरोग्यधामं त्याच काळातली. पुढे तोफखान्याचं प्रशिक्षण काकुलहून इथं आलं आणि गावाची सकाळ जवानांच्या कवायतीनं उजाडू लागली. पलीकडे भगूर. सावरकरांचं जन्मगाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुस्तीवाल्यांना तिथली तालीमही ठाऊक आहे. २०२० च्या जानेवारीत लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा आणणाऱ्या हर्षवर्धन सदगीरचा घाम भगूरच्या मातीतही गळलेला आहे. पुढे तो पुण्यात काका पवारांकडे गेला. त्या अंतिम लढतीतले दोन्ही मल्ल पवारांच्याच तालमीतले होते, हे त्या वस्तादाचं केवढं मोठं यश!

आणखी मागे जायचं तर निफाड तालुक्यातलं कोठुरे. दुसऱ्या बाजीरावांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर तिथले. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचं आव्हान कोवळ्या वयात त्यांनी स्वीकारलं, सप्तशृंगीच्या डोंगरावर साधना केली आणि मल्लखांबाला पुन्हा जीव दिला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या आख्यायिकेत देवी आहे, गुरू आहे, मेहनत आहे. आज एखाद्या पोराच्या विजयाची बातमी येते आणि तालमीतली बाकीची पोरं पहिल्यांदा विचारतात, "कोणता डबा घेतो रे तो?"

या प्रश्नाची मला काळजी वाटते, म्हणून आजचा विषय मी मुद्दाम निवडला. पैलवानाच्या तोंडात काय जातं हे पूर्वी वस्तादाला माहीत असायचं. पावडरीचा डबा आला आणि ते माहीत असणं संपलं. दुकानदाराला माहीत असतं, मोबाइलवरच्या व्हिडिओला माहीत असतं, सोबतच्या पोराला माहीत असतं. वस्तादाला मात्र शेवटी कळतं, तेही उत्तेजक चाचणीची नोटीस आल्यावर. खुराकाची ही जबाबदारी पुन्हा तालमीत आली पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे. बाकी सगळं त्याच्या पुष्ट्यर्थ.

तालमीतली थंडाई ज्यांनी स्वतः वाटली आहे, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. रात्री बदाम भिजत घालायचे. सकाळी मेहनत उरकली की चिमटीत धरून एकेकाची साल काढायची. कुंडीत बदाम, बडीशेप, मिरी, मगज, खसखस घालून सोट्यानं घोटत बसायचं, मनगट भरून येईपर्यंत. मग फडक्यातून गाळायचं, चोथा परत कुंडीत, परत घोटा, परत गाळा. हे काम धाकट्या पोरांचं. वस्ताद शेजारी बसलेला. कुणाला किती पेले, हे तोच ठरवायचा. "याचं पोट दोन दिवस बिघडलंय, याला नुसतं ताक द्या." "याची लढत परवा आहे, आज तूप कमी." प्रत्येक पोराचा कोठा त्याच्या डोक्यात असायचा. पुस्तक त्याच्याकडे नव्हतं, पण नजर होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांच्या खुराकाची सोय दरबारातून केली, १९१२ साली पुरं झालेलं खासबाग मैदान दिलं, आणि मागाहून साऱ्या दक्षिण महाराष्ट्रानं हीच शिस्त उचलली. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे खंड संपादित केले. शरीरसाधनेचा विचार मराठीत किती बारकाईनं झाला, हे पाहायचं असेल तर नव्या प्रशिक्षकांनी ते खंड एकदा तरी चाळावेत.

त्या जुन्या खुराकाचंही मी आंधळं कौतुक करणार नाही. वाटीनं तूप पिणं कुठल्याच काळात शहाणपणाचं नव्हतं. मेहनत सुटते, खुराक सुटत नाही, आणि चाळिशी ओलांडलेला नामांकित मल्ल मधुमेह आणि हृदयविकार घेऊन दवाखान्यात येतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे. थंडाईबद्दलही दोन गोष्टी आज बजावून सांगायला हव्यात. जिथं थंडाईत भांग पडते, तिथं ती स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आणि खसखशीवर मॉर्फिनचा अंश असू शकतो. स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात मॉर्फिन ठरलेल्या मर्यादेवर गेलं, की पंचांना तुमची थंडाई दिसत नाही, आकडा दिसतो. लढतीच्या आठवड्यात थंडाई बिनखसखशीची करा. चवीत फार फरक पडत नाही.

आता डब्याकडे येते. दिंडोरीकडचा एक मुलगा मध्यंतरी वडिलांबरोबर माझ्याकडे आला. चेहऱ्यावर मुरुमं उठलेली, झोप उडालेली, छाती धडधडते म्हणाला. वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून सहा हजारांचा डबा आणून दिला होता. तो डबा मी टेबलावर ठेवायला लावला. झाकणाखालचं सील कुणी तरी आधीच काढून पुन्हा चिकटवलेलं. आयातदाराच्या नावाच्या जागी एका कागदावर दुसरा कागद डकवलेला, लॉट नंबर अर्धवट पुसलेला. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक शोधला, तो कुठंच नव्हता. पुढच्या बाजूला ढालीसारखे स्नायू दाखवणारा माणूस मात्र ठळक छापलेला. एका चमच्यात चोवीस ग्रॅम प्रथिनं, असा दावा. डब्यातला चमचा मी काट्यावर भरून पाहिला, तर त्या चमच्यात दाव्याइतकी पावडरच मावत नव्हती. वडील माझ्याकडे पाहत राहिले. पोरासाठी चांगलं तेच आणावं, याच इच्छेनं त्यांनी पैसे मोजले होते. त्यांच्या त्या इच्छेचा असा व्यापार होतो, याचा मला संताप येतो.

डब्यातली प्रथिनं मोजतात कशी, हे वस्तादांनी समजून घ्यायला हवं. प्रयोगशाळा बहुधा प्रथिनं थेट मोजत नाही. त्यातलं नायट्रोजन मोजते आणि ठरावीक आकड्यानं गुणते. मग काही उत्पादक त्यात ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्लं मिसळतात. नायट्रोजन वाढतं, कागदावर प्रथिनं वाढतात, स्नायूंच्या कामाची प्रथिनं तेवढीच राहतात. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. जवळपास सत्तर टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती खरी निघाली नाही. चौदा टक्क्यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सापडलं आणि आठ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. याहून गंभीर गोष्ट जर्मनीत कोलोनच्या प्रयोगशाळेनं २००४ मध्येच दाखवली होती. तेरा देशांतून घेतलेल्या ६३४ पूरक आहारांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्क्यांत, लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडं निघाली. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा आहारात हार्मोन किंवा स्टेरॉइड घालायला बंदी आहे. नियम चांगला आहे. पण कपाटातल्या प्रत्येक डब्यापर्यंत नियमाचा हात पोहोचतो असं मी म्हणणार नाही.

तर मग प्रथिनं लागतात किती? मेहनत करणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम पुरतात, हे आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. पासष्ट किलोच्या पोराला दिवसाला सुमारे १०४ ग्रॅम. एक लिटर दूध ३५ ग्रॅमच्या आसपास देतं. चार अंडी २४. मूठ-दोन मूठ भाजलेले हरभरे, म्हणजे शंभर ग्रॅम, २० च्या घरात. दोन वाट्या घट्ट वरण ११. दिवसभरात पाव किलो ज्वारी-बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या, तर त्यातून आणखी २५. झाले की नाही? अंडी न खाणाऱ्याला पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांतून २५ ग्रॅम मिळतात. शेंगदाण्यात बदामापेक्षा थोडी जास्तच प्रथिनं आहेत आणि भाव त्याच्या कितीतरी खाली. फक्त दमट, काळपट पडलेला दाणा टाकून द्यायचा, कारण अफ्लाटॉक्सिनचं जुनं घर तेच आहे. ज्या व्हे पावडरीसाठी आपण जीव टाकतो, ती चीज करताना उरणाऱ्या पाण्यातली प्रथिनं आहेत. दुधाच्या प्रथिनांत तिचा वाटा वीस टक्के. उरलेले ऐंशी टक्के केसिन. एक लिटर दूध पिणारा पोरगा दोन्ही पितोच आहे.

पावडर कधीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. पहाटे भरतीसाठी पळून कॉलेजला जाणारा, दुपारी न जेवणारा, रात्री तालीम करणारा मुलगा माझ्याकडे येतो, तेव्हा काही वेळा मी स्वतः पावडर लिहून देते. खात्रीची, तपासलेल्या लॉटची. पण तिला जेवणाची जागा देत नाही.

खरोखर उपयोगी पडणारे पूरक पदार्थ थोडे आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१८ मध्ये तज्ज्ञांचं निवेदन काढलं. कामगिरीवर थेट परिणाम दाखवणाऱ्यांची त्यातली यादी बोटांवर मोजता येते: कॅफिन, क्रिएटिन, बीटमधलं नायट्रेट, बीटा-अलानिन आणि खायचा सोडा. बाजारात शेकड्यांनी नावं आहेत, म्हणून ही आखूड यादी तालमीच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

कॅफिन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही. किलोमागे तीन मिलिग्रॅम पुरतं. पासष्ट किलोच्या पोराला दोन-तीन कप कडक कॉफी. त्यासाठी प्री-वर्कआउटचा रंगीत डबा लागत नाही, आणि त्या डब्यांत कॅफिनसोबत आणखी काय काय येतं हे कळायला मार्ग नसतो. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले कुस्तीगीर आणि जलतरणपटू मिथाइलहेक्झानअमीन या उत्तेजकात सापडले. पूरक आहारांच्या डब्यांतून तेव्हा ते सर्रास विकलं जात होतं. संध्याकाळी सराव करणाऱ्यांना मी कॅफिन नाहीच म्हणते. झोप गेली तर मेहनत वाया जाते.

क्रिएटिन रोज तीन ते पाच ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट. ताकदीच्या थोड्या वेळाच्या झटक्याला ते मदत करतं, आणि शाकाहारी पोरांच्या स्नायूंत मुळात कमी असल्यामुळे त्यांना जास्त लागू पडतं. पण ते स्नायूंत पाणी धरतं आणि सुरुवातीलाच किलो-दीड किलो वजन वाढवतं. भालाफेकवाल्याला त्याचं काही नाही. सत्तावन्न किलो गटातल्या पैलवानाला तो किलो पुढे तोडायचा असतो! डब्यावर हे कुणी छापत नाही. सोड्याची गोष्ट अशीच. सहा मिनिटांच्या कुस्तीत आणि चार मिनिटांच्या ज्युदोत स्नायूंमध्ये आम्ल साठतं, हात जड होतात; रक्तातला सोडा ते आम्ल थोडं आवरतो. पण त्यासाठी किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे सोडा पोटात घालावा लागतो, आणि निम्म्या पोरांचं पोट तिथंच हात टेकतं. लढतीच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे. बीटा-अलानिन आणि बीट यांची चर्चा दुपारच्या सत्रात होणार आहे, मी ती अडवत नाही.

वजनाचा विषय मात्र मला अर्धवट सोडता येणार नाही, कारण युद्धकलांमध्ये डब्याइतकंच नुकसान वजनकाटा करतो. २०१८ पासून जागतिक कुस्ती महासंघानं वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी घ्यायला सुरुवात केली, आणि दोन दिवस लढती असतील तर दुसऱ्या सकाळी पुन्हा. आदल्या संध्याकाळी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन भरून घ्यायची जुनी सोय गेली. पॅरिसला ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाटनं जपानच्या अजिंक्य युई सुसाकीला हरवलं, अंतिम फेरी गाठली, आणि दुसऱ्या सकाळी पन्नास किलोला शंभर ग्रॅम जास्त भरल्यामुळे ती बाद झाली. ते शंभर ग्रॅम काढण्यासाठी रात्रभर काय काय झालं, हे साऱ्या देशानं वाचलं. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं दहा तासांत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवून कांस्य मिळवलं. त्या पोराच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी हा धडा गिरवावा, असं मला मुळीच वाटत नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन तोडता तोडता महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले. आपण कुणाच्या मरणाची वाट पाहायची?

शालेय स्पर्धांच्या सकाळी आपल्या जिल्ह्यात काय चालतं, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंगावर दोन-दोन ट्रॅकसूट, वर प्लास्टिकचा रेनकोट, मैदानाला फेऱ्या, हातात बाटली आणि तिच्यात सारखं थुंकणं. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. काटा पार झाला की कुणीतरी दवाखान्यात नेऊन सलाईन लावतं. वस्ताद मंडळींनी इथं नीट लक्ष द्यावं. रुग्णालयातल्या रीतसर उपचारांचा भाग नसलेली, बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, नियमांनुसार बंदी असलेली पद्धत आहे, सलाईनमध्ये नुसतं मीठ-साखर का असेना. वजनासाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्याही बंदीच्या यादीत आहेत. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी घटलं तरी दम कमी पडायला लागतो, म्हणजे आपण पोराला अर्धा हरवूनच मॅटवर पाठवतो. वजन हंगामाच्या सुरुवातीला ठरवावं, आठवड्याला अर्ध्या किलोच्या हिशेबानं उतरवावं, आणि अंगाला येत नसेल तर गट बदलावा. काट्यावरून उतरल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट, मऊ भात, केळं. याहून चांगलं औषध मला अजून सापडलेलं नाही.

आता नरसिंग यादवविषयी. नाव घेताना मला वाईट वाटतं, कारण सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी जिंकलेला, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून देशासाठी ऑलिंपिकची जागा आणलेला हा मल्ल. रिओला जाण्याआधी २०१६ च्या जून-जुलैत त्याच्या नमुन्यांत मेथेंडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, समितीनं १ ऑगस्टला ते मान्य केलं आणि त्याला मोकळं केलं. वाडानं दाद मागितली. लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. खरं-खोटं करायला मी इथं उभी नाही. मला त्या प्रकरणातून एवढंच दिसतं की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, हा नियम जगभर आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करण्याचं ओझंही त्याच्याच खांद्यावर. डबा दूषित होता असं दाखवता आलं, तर शिक्षा बरीच कमी होऊ शकते. पण दाखवायचं कशानं? रिकामा डबा रद्दीत गेलेला, पावती नाही, लॉट नंबर कुणी लिहिलेला नाही. कागद नसलेला पोरगा वकिलासमोर बसतो तेव्हा त्याच्याकडे फक्त शपथ उरते.

पूर्वी पोरगा असा एकटा नसायचा. १९५२ साली हेलसिंकीला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिलं. त्यांना पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका पोराच्या मागे तेव्हा शिक्षक, गाव, तालीम सगळे उभे होते. दोषी ठरलेल्या आजच्या पोराच्या मागे कुणी उभं राहत नाही. वाडाच्या २०२३ च्या आकड्यांत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्यातली किती मुलं ठरवून चुकली आणि किती डब्यामुळे, हे आकडे सांगत नाहीत.

डब्यापाठोपाठ सुई येते; तिच्याबद्दल बोलणं टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. मेफेंटरमाइनचं इंजेक्शन भूलतज्ज्ञ वापरतात, कमरेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब पडला की तो सावरायला. तेच आपल्या राज्यात जिममधून, भरतीच्या मैदानांजवळून विकलं जातं, आणि पोलिसांनी अनेक ठिकाणी त्याचे साठे पकडले आहेत. इथं देवळालीत प्रादेशिक सेनेच्या भरतीला महाराष्ट्रभरातून हजारो पोरं येतात, रस्त्याकडेला रात्र काढतात. सोळाशे मीटर धावायचं असतं, आणि ते धावणं त्यांच्या घरच्या चुलीचा प्रश्न असतो. त्यातल्या कुणाला कुणीतरी सांगतं, एक सुई घे, दम लागणार नाही. दम लागणं ही शरीराची हाक आहे. ती बंद केली की हृदय कुठं थांबेल सांगता येत नाही. शिवाय ते व्यसन लावतं, झोप घालवतं, डोकं फिरवतं. बंदीच्या यादीत तर ते आहेच. हे इंजेक्शन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देणाऱ्या दुकानाचं नाव तुम्हाला ठाऊक असेल, तर ते अन्न व औषध प्रशासनाला कळवा. संकोच करू नका.

वैद्यांच्या नावानं येणाऱ्या पुड्याही तपासून घ्या. अश्वगंधा बंदीत नाही आणि तिचे थोडेफार चांगले परिणाम अभ्यासांत दिसले आहेत. पण कुचल्यात स्ट्रिकनीन असतं आणि स्ट्रिकनीन बंदीच्या यादीत आहे. 'आयुर्वेदिक' लिहिलं म्हणून पंच सोडत नाहीत.

मुलींविषयी थोडं. गेल्या काही वर्षांत कुस्ती-ज्युदोत मुली भराभर पुढे येत आहेत, आणि त्यांचे वडील माझ्याकडे येऊन पहिली मागणी पावडरीची करतात. मी आधी हिमोग्लोबिन करून आणायला सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त, सुमारे चोपन्न टक्के, स्त्रियांत रक्तक्षय आढळला. नऊ हिमोग्लोबिनवर डाव शिकणाऱ्या मुलीला कुठलाही डबा पुढे नेणार नाही. लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, पालेभाजीवर लिंबू, आणि चहा जेवणाबरोबर घेऊ नये, एवढ्यानं तिचा दम तीन महिन्यांत बदलतो. पाळी चुकायला लागली तर ती प्रशिक्षकाला सांगायला लाजते. म्हणून तालमीत तिला मोकळेपणी बोलता येईल अशी एक बाई हवीच.

आता माझ्या मागण्या. ठराव म्हणून त्या आज मांडून घ्याव्यात, अशी अध्यक्ष या नात्यानं विनंती करते.

प्रत्येक तालमीत, प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात खुराकाची वही असावी. दोनशे पानी, साधी. मुलाचं नाव, वजन, महिन्यातून एकदा रक्तदाब, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन. आणि तो जे काही घेतो ते सगळं, मग ती डोकेदुखीची गोळी का असेना. डबा आणला तर पावती त्या पानाला टाचायची, लॉट नंबर लिहायचा, आणि डबा संपला तरी तळाला चार चमचे ठेवून तो सहा महिने जपून ठेवायचा. उद्या नोटीस आलीच, तर त्या पोराच्या हातात शपथेपेक्षा काहीतरी जास्त असेल. अठरा वर्षांखालच्या कुणालाही डॉक्टरच्या लेखी सल्ल्याशिवाय पूरक आहार नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली पालकांची सही घ्यावी. परवाना क्रमांक नसलेला डबा तालमीच्या उंबऱ्याच्या आत येऊ नये. सुई तर नाहीच. आणि शालेय कुस्तीत वजन देण्याआधी पोरांना घाम गाळायला लावणाऱ्या प्रशिक्षकाला त्या स्पर्धेपुरतं बाहेर बसवावं. हे कडक वाटेल, पण मी ते विचार करूनच मांडते आहे.

यातलं काहीही करायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. वही थोड्या पैशांत मिळते. वस्तादांनी पूर्वी हेच डोक्यात ठेवलं होतं, आता ते कागदावर ठेवायचं आहे, कारण आता त्या कागदाला न्यायालयात किंमत आहे. नाशिकमधल्या माझ्या आहारतज्ज्ञ मैत्रिणी आणि मी, आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या वह्या पाहायला, शंका सोडवायला तालमींत यायला तयार आहोत. कुणी मानधनाची काळजी करू नये. पुढच्या वर्षी परिषदेला येताना प्रत्येकानं आपली वही बरोबर आणावी आणि उद्घाटनाच्या भाषणांऐवजी पहिलं सत्र त्या वह्यांच्या वाचनाचं ठेवावं, अशी संयोजकांना विनंती करून मी थांबते.